नेलीच्या डाव्या चाकाची पाचर

या विल्फ थर्लोचं वागणं मला अजिबात पटलेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. बहात्तर वर्षांचा बाप्या. गुरुवारी सकाळी फाटकाशी बहिणीच्या सायकलची घंटा वाजली, तसा हा खुर्चीतून असा उठला की गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. स्वयंपाकघराच्या दाराशी मी होते. मला उचललं, मागच्या खोपटात नेलं आणि बटाट्यांच्या पोत्याखाली दडपलं. इतकी वर्षं ज्या दाराला मी धरून ठेवलं, ते दार मागे वाऱ्याने धाडकन आपटलं. मला बरंच वाटलं.

"पाचर कुठंय?" मॉडने आल्या आल्या विचारलं.

"कुठली पाचर?"

"तुझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस जिच्यावर अडखळतो ती."

"जाळली."

"कधी?"

"हिवाळ्यात. थंडी फार होती."

"विल्फ, हा जुलै चाललाय. आणि दोन आठवड्यांपूर्वी तिलाच अडखळून मी तुझ्या अंगावर चहा सांडला."

त्यावर हा म्हणतो, "चहा घेतेस का?"

मॉड चहा न घेता गेली. जाताना एवढंच बोलली, "रविवारी देवळात त्या तिघांच्या नावांचा दगड बसतोय. नेलीचं जमिनीवर उरलेलं असं ते एकच लाकूड आहे. ते मला दगडाखाली ठेवायचंय. शनिवारी येते. तोवर तुझी राख पुन्हा लाकूड होते का बघ."

मित्रांनो, जिवंतपणी स्वतःच्या जळण्याची बातमी ऐकणं फार वाईट. तीही बटाट्यांखालून.

तर मी एक जुनी लाकडी पाचर आहे. कुणी कामात आडकाठी आणली की पाचर मारली म्हणतात. म्हणू देत. अडवणं हेच माझं काम होतं आणि मी ते चोख केलं. ब्लेनहाइम जातीचं बॉम्बफेकी विमान उभं असलं की त्याच्या चाकापुढे मी बसायची. दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात लावून तपासायची असतात तेव्हा सगळं विमान थरथरतं, पुढे झेपावतं, आणि सगळा भार येतो तो माझ्या छातीवर. चाक माझ्यावरून कधी गेलं नाही. एकदाही नाही.

माझा जन्म हॅप्सबी गावातला. इंग्लंडात नॉरफोकच्या किनाऱ्यावरचं हे गाव, खेकडे पकडून जगणारं. जोसाया पेग नावाचा गाडीची चाकं करणारा सुतार होता. त्याच्याकडे एल्मच्या झाडाचं जुनं खोड पडलेलं होतं. ते त्याने चाकांच्या तुंब्यांसाठी, आरे बसतात त्या मधल्या ठोकळ्यांसाठी, राखलेलं, कारण एल्म फाटत नाही. जर्मनीशी लढाई लागली आणि सरकारची मागणी आली, पाचरा हव्यात. पेग मला तासताना करवादत होता, "जन्मभर चाकं फिरावीत म्हणून खपलो. आता चाकं अडवायला लाकूड कापतोय. काय दिवस आले." पण धार नीट काढली त्याने. तिरकी बाजू चाकाला बसेल अशी, खालची बाजू सपाट, आणि मागे दोर ओवायला भोक. पिवळा रंग दिला. माझ्यासारखीच दुसरी केली, ती माझी जोडीण. मी डाव्या चाकाची, ती उजव्या. ती स्वभावाने गरीब होती. मी नव्हते.

गावापासून चार मैलांवर विमानतळ होता. आमचं विमान 'एन' अक्षराचं, म्हणून सगळे तिला नेली म्हणत. नेलीत तिघं उडायचे. चालवणारा डेन्झिल ट्रेगीअर, कॉर्नवॉलचा, कमी बोलणारा. नकाशा बघणारा ह्यूबर्ट ॲस्क्यू, त्याला तीन वर्षांची मुलगी होती आणि तिने काढलेलं गाढवाचं चित्र तो नकाशात घडी करून ठेवायचा. आणि मागच्या घुमटात बंदूक धरून बसणारा सिरिल मॅबट, कॉव्हेंट्रीचा, सायकलींच्या कारखान्यातून आलेला, वय वर्षं वीस.

जमिनीवर दोघं होते. इंजिनांचं बघणारा इद्रिस प्रॉबर्ट, वेल्सचा, जिभेला हाड नसलेला. आणि सांगाडा, चाकं, तारा, दोर हे सगळं बघणारा आमचा विल्फ. तेव्हा बावीस वर्षांचा. खेकडेवाल्या थर्लोचा मुलगा.

सिरिलचं आणि विल्फच्या धाकट्या बहिणीचं जमलं होतं. मॉड एकोणीस वर्षांची, पाठ ताठ. लग्न शनिवारी ठरलं होतं. लढाईच्या दिवसांत केकला सुका मेवा मिळायचा नाही. विमानात जाणाऱ्यांना खाऊच्या पुडीत मूठभर मनुका मिळायच्या, त्या सिरिल खायचाच नाही. तंबाखूच्या एका पत्र्याच्या डबीत साठवायचा. चढायच्या आधी बुटाची टाच माझ्यावर दोनदा आपटायचा आणि म्हणायचा, "म्हातारे, जागा धर आमची."

वर्षभराची सुद्धा नव्हते मी. म्हातारी म्हणे.

जागा धरणं ही आमच्यातली रीत होती. विमान गेलं की पाचरा उचलून आत ठेवायच्या नाहीत. जिथे चाक येणार तिथेच, तेलाच्या डागापाशी, तोंड करून ठेवायच्या. विमान येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. अधिकारी रागावले तरी कुणी ऐकायचं नाही.

आता दोराचं ऐका.

रविवारी विल्फच्या लक्षात आलं की माझा दोर भोकापाशी झिजलाय. बदलायला हवा होता. कोठार रविवारी बंद. सोमवारी नेलीच्या शेपटाला पडलेली भोकं बुजवण्यात दिवस गेला. मग त्याने काय केलं, झिजलेला तुकडा कापून टाकला आणि दोन टोकं गाठ मारून जोडली. त्यांच्या घरातली गाठ. तिच्यावर त्याचा बाप खेकड्यांचे पिंजरे समुद्रात सोडायचा. पाणी लागलं की ती आणखी आवळते.

इद्रिसने ती बघितली. "ही गाठ खेकडा धरेल. विमान धरेलसं वाटत नाही."

"आमच्याकडे या गाठीवर अख्खी होडी ओढतात."

"होडीतून तेल गळतं का रे?"

"तू तुझं इंजिन बघ."

"बघतोच आहे. तेल त्यातूनच गळतंय, आणि ते तुझ्या दोरावर पडतंय."

विल्फने दोर गुंडाळून ठेवला. उद्या बदलू म्हणाला असेल मनात.

उद्या म्हणजे मंगळवार. नऊ विमानं निघणार होती, दुपारी बाराच्या सुमारास, हॉलंडच्या किनाऱ्यालगत जाणाऱ्या शत्रूच्या जहाजांवर. भर उजेडात, समुद्रावरून पन्नास फुटांवरून जायचं. पन्नास फूट म्हणजे आमच्या देवळाचं शिखरसुद्धा उंच पडेल. तळावर त्या दिवशी कुणी फारसं बोलत नव्हतं. ॲस्क्यूने दोनदा नकाशा घडी केला आणि दोनदा उलगडला.

सिरिलचाही चेहरा उतरलेला. विल्फने विचारलं, "काय झालं?"

"तुझी बहीण."

"मग सावकाश सांग. वर्षानुवर्षं ऐकतोय."

"काल संध्याकाळी भांडलो. लग्नानंतर कॉव्हेंट्रीला जाऊ म्हटलं, कारखान्यात माझी जागा ठेवलीय. म्हणते समुद्र सोडून एक पाऊल टाकणार नाही. म्हटलं, तुमच्या समुद्राला माशांचा वास येतो. म्हणाली, मग जा तिकडेच. आणि बसस्टॉपवर मला एकटा सोडून गेली."

"तिने तुला बसस्टॉपपर्यंत तरी सोडलं. मला फाटकाबाहेर काढते."

सिरिल हसला नाही. टाच माझ्यावर आपटली, एकदाच, आणि चढला.

इंजिनं लागली. ट्रेगीअरने जोर वाढवला. नेली थरथरली आणि माझ्यावर आली. आमची जागा थोडी उताराची होती, त्या दिवशी चाक नेहमीपेक्षा जास्त चढलं आणि रबर माझ्या धारेत रुतलं. मी दात घट्ट आवळले. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. एवढं वजन, आणि मी एकटी.

मग ट्रेगीअरने काचेमागून दोन्ही हात तोंडापुढे फिरवून बाजूला केले. पाचरा काढा, अशी खूण. इद्रिसने दोर ओढला, माझी जोडीण सटकन बाहेर गेली. विल्फने माझा दोर ओढला. गाठ तेलाने बुळबुळीत झाली होती. ती तुटली नाही, सुटली. सापाने कात टाकावी तशी. विल्फ दोर हातात घेऊन पाठीवर पडला, आणि मी चाकाखाली जिथल्या तिथे.

उजवं चाक मोकळं, डावं अडकलेलं. जोर तसाच राहिला असता तर नेली जागच्या जागी गरकन फिरली असती आणि फिरत्या पात्यांनी इद्रिसला कापलं असतं. ट्रेगीअरने जोर काढला. इंजिनं नुसती घोगरत राहिली. विल्फ पंखाखालून मागच्या बाजूने सरपटत माझ्यापाशी आला. पुढे हातभर अंतरावर पातं फिरत होतं. त्याने मला दोन्ही हातांनी धरून हिसके दिले. मी हलले नाही. हलता येत असतं तरी हलले असते का, माहीत नाही. सवय वाईट असते.

"मागे ढकलावं लागेल!" इद्रिस ओरडला. "माणसं आणतो! तू हातोडा घे!"

इद्रिस शेजारच्या विमानाकडे धावला. विल्फ हातोडा घेऊन शेपटाकडून परत येत होता, तेव्हा घुमटाची झडप सरकली आणि सिरिल कमरेपर्यंत बाहेर आला. दोघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय रे मेव्हण्या, जाऊ देणार नाहीस का?"

"शनिवारी होईन मेव्हणा. आत बस."

"हे घे." त्याने खिशातून डबी काढली आणि फेकली. विल्फने ती झेलली. "उडण्याआधी खिसे रिकामे करायचे असतात, ते राहिलं. मनुका आहेत. आज ही डबी हरवली तर मॉड मला घरात घेणार नाही."

"बरं."

"आणि तिला सांग."

"काय?"

"तिचंच खरं. समुद्रकाठीच राहू. वासाची सवय होईल मला. सांगशील ना?"

"तूच सांग की संध्याकाळी."

"तू आधी सांग. म्हणजे मी पोचेपर्यंत तिचा राग उतरलेला असेल."

एवढ्यात चार माणसं आली. त्यांनी पंखाची मागची कड धरून नेलीला बोटभर मागे रेटलं, विल्फने हातोड्याचे तीन घाव घातले आणि मी निघाले. तिसऱ्या घावाचा वण अजून आहे. साडेचार मिनिटं गेली होती. बाकीची आठ विमानं आकाशात होती. एक फेरी मारून ती समुद्राकडे वळलीसुद्धा. नेली पळत सुटली, उठली आणि त्यांच्या मागे लागली. तिची जागा मधल्या तीन विमानांत होती. ती 'एच' अक्षराच्या विमानाने भरून काढली. नेली शेपटाला गेली.

विल्फने मला तेलाच्या डागापाशी ठेवलं. एका हाताने नीट सरळ केलं. मग पुन्हा सरळ केलं.

मित्रांनो, वाट बघणं हे पाचरेचं अर्धं आयुष्य असतं. पण त्या दुपारसारखी वाट मी कधी बघितली नाही. ऊन पडलं होतं. कुंपणापलीकडे बार्लीचं शेत होतं आणि त्यात कुणी तरी कुत्र्याला हाका मारत होतं. इद्रिसने चहाचा मग भरला आणि तो हातातच थंड झाला. विल्फ माझ्याशेजारी उकिडवा बसून नवा दोर ओवत होता. कोठार आता उघडं होतं ना. त्याने दोर ओवला, शिकवलेली सरकारी गाठ मारली, ओढून बघितली, सोडली, पुन्हा मारली. त्याच्या खिशात डबी होती. तो हलला की मनुका वाजायच्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी पहिलं ऐकू आलं. सगळ्या जागांवरची माणसं उठून उभी राहिली.

"एक," इद्रिस म्हणाला. "दोन. तिसरं इंजिन एकच चालतंय. तीन. चार."

मग बराच वेळ काही नाही.

"पाच. अक्षर काय रे?"

"एच," विल्फ म्हणाला.

"तुझे डोळे चांगले. पुढे बघ."

पुढे नुसतं आकाश होतं. तीन वाजेपर्यंतचं पेट्रोल भरलेलं, हे इद्रिसला पक्कं माहीत, कारण त्यानेच भरलं होतं. तीन वाजले तेव्हा त्याने मगातला चहा गवतावर ओतला आणि रिकामा मग पुसून खिशात ठेवला. विल्फ बसूनच राहिला.

'एच'चा घुमटवाला सायकलवरून आला. उतरला नाही, एक पाय जमिनीला टेकवून बोलला. मागे तोंड करून बसणारा तो, त्यामुळे त्यानेच पाहिलं होतं. "समुद्र आज आरशासारखा होता. असं पाणी असलं की उंची कळत नाही. ट्रेगीअर जहाजावरून नीट पार झाला. डावं इंजिन पेटलं होतं. वळताना पंखाचं टोक पाण्याला लागलं."

"मग?" विल्फने विचारलं.

"मग नव्हतीच ती."

"कुणी बाहेर?"

"दिसेनासं होईपर्यंत मी बघत होतो, भाऊ. नाही." पायडलवर पाय ठेवत तो म्हणाला, "आज तुमची जागा आम्हाला मिळाली होती. कसे आलो कळत नाही."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य विल्फच्या तोंडावर पडलं आणि तिथेच राहिलं.

इद्रिसने ओळखलं. "इकडे बघ. सगळ्यात पुढे होता तो नेताही गेला. त्याच्या शेजारचाही गेला. त्यांच्या पाचरा कुणी अडकवल्या होत्या?"

विल्फने ऐकलं. कानाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॉड कुंपणापाशी आली. मी माझ्या जागेवरच होते, वीस पावलांवर. तिला बातमी कळलेली होती. ती रडत नव्हती. तिने कुंपणाची तार धरली होती, एवढंच.

विल्फने डबी तिच्या हातात दिली. "त्याने द्यायला सांगितली होती. परवा संध्याकाळी."

तिने डबीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "परवा संध्याकाळी."

"हो."

"काल निघताना काही बोलला का? माझ्याबद्दल?"

मला वाटलं आता सांगेल. चार शब्दांचं काम होतं. पण ते शब्द सांगायचे तर ते कधी बोलला हे सांगावं लागणार. कधी हे सांगायचं तर विमान का थांबलं होतं ते आलं. मग दोर आला, मग गाठ आली.

"वेळच नव्हता," विल्फ म्हणाला.

मॉडने मान डोलावली आणि गेली. मित्रांनो, मी इंजिनांचा भार सोसलाय, हातोडा सोसलाय. पण त्या 'वेळच नव्हता'चं वजन निराळं होतं.

तीन दिवस त्याने मला जागेवरून हलवलं नाही. चौथ्या दिवशी नवं विमान आलं, त्यालाही 'एन' अक्षर. विल्फने मला त्याच्या चाकाखाली घातलं नाही. कोटाखाली लपवून घरी आणलं. सरकारी माल, सरळ चोरी. माझी जोडीण मागे राहिली. पुढे एका कडक थंडीत तिला कुणी शेकोटीत घातलं असं ऐकलं.

तेव्हापासून मी दाराशी. त्याची बायको डॉर्कस होती तोवर माझे दिवस बरे गेले. तिने मला एकदा हिरवा रंग दिला आणि "बाईसाहेब, जरा सरका" म्हणून पायाने सरकवायची. ती गेल्यावर रंगही गेला. मॉडने नंतर टपालवाल्याशी लग्न केलं, मुलं वाढवली, नवऱ्याला पोचवलं, आता नातवंडांना पोहायला शिकवते. ॲस्क्यू हॉलंडच्या एका बेटावर वाहून गेला, तिथल्या लोकांनी त्याला नीट पुरलं. ट्रेगीअर आणि सिरिल समुद्रातच. आणि विल्फ पन्नास वर्षं घराच्या मागच्या बाजूला बसतो, जिथून समुद्र दिसत नाही.

शनिवारी मॉड आली. थेट खोपटात शिरली. विल्फ मागोमाग, "अगं तिथे काय, नुसते बटाटे आहेत," करत. ती पोत्यावरच बसली. म्हणजे माझ्यावर. पिशवीतून तिने तीच तंबाखूची डबी काढली आणि मांडीवर ठेवली.

"हे बटाटे फार टोचतात रे," ती म्हणाली. "त्रिकोणी बटाटे लावलेस का यंदा?"

विल्फ दाराशीच थबकला.

"विल्फ, मी आता एकोणसत्तर वर्षांची आहे. एक गोष्ट विचारते. ही डबी तुला त्याने आदल्या संध्याकाळी दिली नाही. आदल्या संध्याकाळी नऊ वाजता ती त्याच्या खिशात होती. भांडताना तो हातवारे करत होता आणि मनुका वाजत होत्या, त्यामुळे मला मधेच हसू आलं आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्या रात्री तू घरीच होतास, तू त्याला भेटलास ते सकाळी, विमानापाशी. म्हणजे त्याच्याजवळ डबी द्यायला वेळ होता. मग बोलायलाही होता."

"तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"कुंपणापाशीच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली. मला वाटलं, तो रागात काहीतरी बोलला असेल, आणि तू मला ते ऐकू द्यायचं नाही म्हणून खोटं बोलतोयस. पन्नास वर्षं मी तेच धरून बसले. काय बोलला असेल याचे शंभर प्रकार करून बघितले, विल्फ. सगळे वाईट."

विल्फ उलट्या बादलीवर बसला. त्याने सगळं सांगितलं. झिजलेला दोर, बापाची गाठ, तेल, सुटलेलं टोक, हातोडा, 'एच'ला मिळालेली जागा. खाली बघून सांगितलं, एकेक शब्द जणू खिळ्यासारखा उपटत. मॉडने मधे तोंड उघडलं नाही. ते झाल्यावर तिने फक्त विचारलं, "आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, तिचंच खरं. समुद्रकाठीच राहू. वासाची सवय होईल मला." विल्फने बादलीची कडी धरली. "मी आधी सांगायचं होतं. म्हणजे तो येईपर्यंत तुझा राग उतरला असता."

मॉड बराच वेळ डबीचं झाकण अंगठ्याने पुसत राहिली. आत मनुका होत्या. आता काळ्या खड्यांसारख्या, पण वाजायच्या अजून.

"वासाची सवय होईल म्हणाला?"

"हो."

"मेला," ती म्हणाली, आणि हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. विल्फ उठला. हात कुठे ठेवावा त्याला कळेना. शेवटी त्याने तो पोत्यावर ठेवला.

डोळे पुसून मॉड म्हणाली, "किती वेळ अडकली होती ती?"

"साडेचार मिनिटं."

"त्यातलं एक मिनिट माझं होतं. ते तू स्वतःपाशी ठेवलंस. दोराचं मी तुला काय बोलणार? दोर नसता सुटला तर तो हे न बोलताच गेला असता. पण माझं मिनिट तू का ठेवलंस, विल्फ?"

मॉड पोत्यावरून उठली. त्याने पोतं बाजूला केलं, मला दोन्ही हातांनी काढलं, बाहीने माती पुसली आणि उजेडात फरशीवर ठेवलं.

मित्रांनो, माझ्याकडून एवढं घ्या. झिजलेला दोर दिसला त्याच दिवशी बदला, कोठारवाल्याला झोपेतून उठवावं लागलं तरी. आणि हातून काही चुकलं तर जिचं नुकसान झालं तिला त्याच आठवड्यात जाऊन सांगा, तिचा निरोप तिला द्या. लाकडाला सुद्धा हे कळतं.

पाचर बोलते का, असं विचाराल. फरशीवर सरकवली की बोलते. विल्फने मला बहिणीकडे सरकवलं तेव्हा मी बोलले, आणि तो दचकला, म्हणजे त्याला ऐकू गेलं. मी म्हटलं, "विल्फ थर्लो, गाठ चुकली ती एका दिवसाची चूक, आणि त्या दिवशी मीही हट्टाला पेटले होते, तेव्हा ती तुझी माझी फिटली. तोंड मिटून बसलास ती पन्नास वर्षांची. ती मी सोडणार नाही, आणि मॉडने सोडावी की नाही ते तिचं ती बघेल. उद्या मला देवळात तू स्वतः उचलून नेशील, पुढच्या दाराने, समुद्राच्या रस्त्याने. त्याआधी मला नवा दोर लाव. आणि या वेळी ती तुझ्या बापाची गाठ नको."